बिंदूची रेघ : अ‍ॅस्टिग्मॅटिझम सापडला कसा, आणि साठ वर्षे पडून का राहिला

चष्म्याचा नंबर काढल्यावर हाती पडणाऱ्या चिठ्ठीत बहुधा तीन रकाने असतात : 'एसपीएच', 'सीवायएल' आणि 'अ‍ॅक्सिस'. पहिल्याचा अर्थ बहुतेकांना ठाऊक असतो. लांबचे दिसत नाही किंवा जवळचे दिसत नाही, त्याचा तो आकडा. पुढच्या दोन रकान्यांबद्दल विचारले तर "सिलिंडर नंबर आहे" एवढेच उत्तर मिळते आणि विषय संपतो.

या दोन रकान्यांचा इतिहास चमत्कारिक आहे. त्यांत नोंदवला जाणारा दोष १८०१ मध्ये अचूक मोजून छापला गेला होता. त्यावरचे भिंग १८२५ पर्यंत तयारही झाले होते. सामान्य रुग्णाच्या नाकावर ते भिंग चढू लागले मात्र १८६० नंतर. मोजमाप हाती होते, उपाय हाती होता, तरी मधली वर्षे काय आड आले? हा धागा त्याविषयी आहे.

आधी दोष कोणता ते पाहू. डोळ्यात शिरणारा प्रकाश दोन ठिकाणी वळतो : आधी सर्वांत पुढच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे पारपटलावर, आणि नंतर आतल्या नेत्रभिंगात. यांपैकी मोठा वाटा पारपटलाचा. हा पडदा चेंडूच्या पृष्ठभागासारखा सर्व दिशांनी सारखा गोल असेल, तर दूरच्या दिव्याचे किरण एका बिंदूत एकत्र येतात. तो बिंदू मागच्या दृष्टिपटलाच्या पुढे पडला तर लघुदृष्टी, मागे पडला तर दीर्घदृष्टी. पण पडदा चेंडूसारखा नसून चमच्याच्या पाठीसारखा असेल तर? चमच्याची पाठ आडव्या दिशेने अधिक वळलेली असते आणि लांबीच्या दिशेने कमी. अशा पृष्ठभागातून गेलेले किरण एका बिंदूत जमूच शकत नाहीत. एका दिशेचे किरण आधी जमतात, दुसऱ्या दिशेचे नंतर. बिंदूऐवजी दोन रेघा तयार होतात, एकमेकींना काटकोनात आणि एकमेकींपासून काही अंतरावर. दिव्याचा ठिपका ताणल्यासारखा दिसतो. घड्याळाच्या तबकडीवरचे बारा-सहाचे काटे स्पष्ट आणि तीन-नऊचे पुसट, असेही होते.

हे सारे आज शाळेच्या पुस्तकात सापडते. १८०० मध्ये त्याला नावही नव्हते.

२७ नोव्हेंबर १८०० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीत थॉमस यंग याचा निबंध वाचला गेला. विषय होता डोळ्याची यंत्ररचना. यंग तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. हा तोच यंग, ज्याने पुढे प्रकाश तरंगरूप असल्याचा पुरावा मांडला आणि रोझेटा शिळेवरील इजिप्शियन लिपी उलगडण्याच्या कामातही महत्त्वाची पावले टाकली. विसाव्या वर्षी त्याने डोळ्यावरचा पहिला निबंध लिहिला आणि एकविसाव्या वर्षी तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. त्याला पडलेला मूळ प्रश्न वेगळाच होता : जवळची वस्तू पाहताना डोळा नेमके काय बदलतो? पारपटलाचा आकार, डोळ्याच्या गोळ्याची लांबी, की आतले भिंग?

उत्तरासाठी त्याने प्रयोगाचा विषय म्हणून स्वतःचे डोळे वापरले. गोळा लांबतो का हे पाहण्यासाठी डोळा नाकाकडे वळवून बाहेरच्या कोपऱ्यातून, डोळा आणि हाड यांच्यामध्ये, किल्लीची कडी सरकवली. आजच्या वाचकाच्या अंगावर काटा यावा असा हा प्रसंग. यंगने तो हवामानाच्या नोंदीइतक्या शांतपणे लिहिला आहे. पारपटलाचा प्रश्न सोडवण्यासाठी त्याने वनस्पतिशास्त्राच्या लहानशा सूक्ष्मदर्शकातले एक भिंग काढले, ते इंचाच्या पाचव्या भागाएवढ्या खोल खोबणीत बसवले, कडा मेणाने बंद केल्या, आत पाणी घातले आणि ती वाटी डोळ्याला लावली. पारपटल पाण्यात बुडाले की त्याची प्रकाश वळवण्याची शक्ती जवळजवळ नाहीशी होते. तरीही डोळा जवळच्या-लांबच्या वस्तूंशी पूर्वीसारखाच जुळवून घेत राहिला. म्हणजे काम आतल्या भिंगाचे, हे सिद्ध झाले.

याच मोजमापांत त्याला न शोधलेली एक गोष्ट सापडली. अंतर मोजण्यासाठी तो ऑप्टोमीटर नावाचे साधे उपकरण वापरत असे : एक सरळ रेघ आणि तिच्याकडे पाहण्यासाठी बाहुलीपेक्षा कमी अंतरावर असलेल्या दोन बारीक फटी. अशा फटींतून रेघ दुहेरी दिसते. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे डोळ्याचा फोकस. यंगने फटी आडव्या-उभ्या फिरवल्या तेव्हा छेदबिंदू सरकला. त्याचा विश्रांत डोळा उभ्या दिशेने पसरणारे किरण १० इंचांवरून फोकसमध्ये आणत होता, तर आडव्या दिशेने पसरणारे ७ इंचांवरून. एकाच डोळ्याला दोन नंबर होते. आजच्या मापात हा फरक साधारण १.७ डायॉप्टर भरतो.

पाण्याची वाटी लावल्यावरही हा फरक तसाच राहिला. म्हणून यंगने निष्कर्ष काढला की दोष पारपटलात नसून नेत्रभिंग किंचित तिरके बसल्यामुळे आहे. त्याच्या डोळ्यापुरता हा तर्क बरोबरच होता. बहुसंख्य डोळ्यांत दोष पारपटलाचा असतो, हे कळायला आणखी सहा दशके जायची होती.

आणि मग यंगने काय केले? काहीच नाही. या दोषामुळे आपल्याला कधी अडचण आली नाही, प्रयोग केले नसते तर तो कळलाही नसता, आणि बारीक वस्तू आपण इतरांइतक्याच नेमकेपणाने तपासू शकतो, असे त्याने नमूद केले. केरी नावाच्या चष्मेवाल्याकडे त्याने विषय काढला, तेव्हा केरी म्हणाला की असे प्रकार आपण पुष्कळदा पाहतो. काही गिऱ्हाइकांना अंतर्गोल भिंग तिरके धरले तरच नीट दिसते. भिंग तिरके धरले की ते एका दिशेने अधिक काम करते. म्हणजे नकळत सिलिंडर नंबरच तयार होतो.

इतिहासाच्या दृष्टीने या निबंधातले हे वाक्य सर्वांत मोलाचे मानावे लागेल. लंडनच्या दुकानात हा दोष रोज येत होता, गिऱ्हाइकांनी त्यावर घरगुती तोडगाही शोधला होता, दुकानदाराच्या तो लक्षातही आला होता. फक्त कोणी तो लिहिला नव्हता. आणि ज्याने लिहिला, त्याचे काही अडत नव्हते.

ज्याचे अडत होते असा माणूस यंगचा निबंध छापला गेला त्याच वर्षी जन्मला. जॉर्ज बिडेल एअरी, जन्म २७ जुलै १८०१, उत्तर इंग्लंडमधील अ‍ॅनिक येथे. १८२३ मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत तो पहिला आला. दोन्ही डोळ्यांनी लघुदृष्टी होतीच. पण वाचताना डावा डोळा मुळी वापरलाच जात नाही, सारे काम उजवाच करतो, हे त्याच्या ध्यानात आले. उजवा डोळा मिटला की छापील अक्षरे ओळखता येत नसत, कितीही जवळ धरली तरी. चष्म्याच्या नेहमीच्या भिंगाने उजव्याला उपयोग झाला, डाव्याला नाही. हा डोळा हळूहळू निकामीच होईल, अशी भीती त्याला वाटू लागली होती. ज्याला उभे आयुष्य दुर्बिणीला डोळा लावून काढायचे, त्याची ही भीती लहान नव्हती.

एअरीची पद्धत यंगपेक्षाही साधी. एका पुठ्ठ्याला सुईने भोक पाडायचे, ते उजेडासमोर धरायचे आणि मोजपट्टीवरून डोळ्याकडे सरकवत न्यायचे. डाव्या डोळ्याला ते भोक ६ इंचांवर असताना एक रेखीव रेघ म्हणून दिसले, उभ्या दिशेपासून सुमारे ३५ अंश कललेली. जवळ आणल्यावर तिचे लंबवर्तुळ झाले, आणि साडेतीन इंचांवर पुन्हा रेघ, पण पहिलीला काटकोनात. फरकाचे प्रमाण यंगच्या जवळजवळ तिप्पट, आजच्या मापात साडेचार डायॉप्टरच्या पुढे.

गणिती माणसाला यापुढची वाट सरळ होती. एका दिशेने कमी आणि काटकोनातल्या दिशेने अधिक शक्ती हवी, तर भिंगाची एक बाजू नेहमीसारखी गोल आणि दुसरी दंडगोलाच्या आकाराची घ्यायची. दंडगोल, म्हणजे सिलिंडर, त्याच्या अक्षाच्या दिशेने सपाट असतो. त्या दिशेने त्याला काहीच नंबर नसतो, सगळा नंबर आडव्या दिशेत. हा अक्ष डोळ्यातल्या रेघेशी जुळेल अशा कोनात भिंग बसवले की काम झाले. चिठ्ठीवरचे तिन्ही रकाने इथे एकदम जन्माला आले : गोल बाजूचा एसपीएच, दंडगोल बाजूचा सीवायएल, आणि ३५ अंशांचा तो कल म्हणजे अ‍ॅक्सिस.

कागदावर सरळ असलेली वाट कारखान्यात बिकट निघाली. एअरीने वेगवेगळ्या कारागिरांचे उंबरे झिजवले आणि ते व्यर्थ गेले. याचे कारण भिंग घासण्याच्या तंत्रात आहे. दोन पृष्ठभाग वाळू लावून एकमेकांवर सर्व दिशांनी घासत राहिले की ते आपोआप गोल होतात. कारागिराच्या हातातली किरकोळ चूकही या गोलपणात जिरून जाते. म्हणून गोल भिंग ही शतकानुशतकांची सवय होती. दंडगोल हवा असेल तर हात एकाच दिशेने चालला पाहिजे, जरा वळला की आकार बिघडला. एका गिऱ्हाइकाच्या एका डोळ्यासाठी हा खटाटोप कोण करणार? अखेर इप्सविच येथील फुलर नावाच्या कारागिराने ते भिंग बनवून दिले. दोन्ही बाजू अंतर्गोल. गोल बाजूची त्रिज्या साडेतीन इंच, दंडगोल बाजूची साडेचार. त्या भिंगातून एअरीचा डावा डोळा बारीक छपाई वाचू लागला.

फेब्रुवारी १८२५ मध्ये केंब्रिजच्या फिलॉसॉफिकल सोसायटीत त्याने ही हकीकत वाचली. ती १८२७ मध्ये छापून आली. शीर्षकात 'डोळ्यातील एक विलक्षण दोष' असा शब्दप्रयोग होता. 'विलक्षण' हा शब्द ध्यानात ठेवण्याजोगा आहे. यंगसाठी हा दोष मोजमापातली एक गंमत होती, एअरीसाठी स्वतःपुरते दुर्दैव. कितीतरी लोकांना हाच त्रास असेल, ही शंका दोघांच्याही लिखाणाच्या केंद्रस्थानी नाही.

दोषाला नावही बऱ्याच वर्षांनी मिळाले. एअरीच्याच केंब्रिजमधला विल्यम व्ह्युएल हा शब्द घडवण्यात वाकबगार होता. 'सायंटिस्ट' हा शब्दही त्याचाच. त्याने ग्रीकमधील 'स्टिग्मा', म्हणजे बिंदू, याला नकाराचा 'अ' जोडला. जिथे बिंदू बिंदू राहत नाही, तो अ‍ॅस्टिग्मॅटिझम. १८४०च्या दशकात डोळ्याची पुन्हा मोजमापे घेऊन एअरीने लिहिलेल्या दुसऱ्या निबंधात हे नाव व्ह्युएलच्या नावे नोंदलेले आहे.

मधल्या काळात तुरळक घटना घडत होत्या. १८२८ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियातील मॅकॅलिस्टर या चष्मेवाल्याने गुडरिच नावाच्या एका धर्मोपदेशकासाठी दंडगोल भिंग बनवले. १८३८ मध्ये पॅरिसचा गणिती स्टर्म याने अशा किरणांचा संपूर्ण आकार गणिताने मांडला : पहिली रेघ, मग लंबवर्तुळ, मधोमध एक लहान वर्तुळ, पुन्हा लंबवर्तुळ, शेवटी दुसरी रेघ. नेत्रवैद्यक शिकणारा विद्यार्थी आजही हा 'स्टर्मचा कोनॉइड' पाठ करतो. पण स्टर्मने त्यावरून असे सुचवले की दोन रेघांमधल्या त्या अंतरामुळेच निरोगी डोळ्याला जवळचे-लांबचे दोन्ही दिसते, भिंग बदलण्याची गरजच नाही! यंगने वाटीत पाणी घालून जे सिद्ध केले होते, त्याच्या अगदी उलट. १८४९ मध्ये जॉर्ज स्टोक्सने दोन दंडगोल भिंगे एकमेकांवर फिरवून या दोषाचे प्रमाण तपासण्याचे साधन दाखवले. ही सारी मंडळी गणिती. वैद्य यात जवळजवळ कुठेच नाहीत.

कोडे इथे सुटते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चष्मा हा वैद्यकाचा विषय नव्हता. डोळ्याचा वैद्य मोतीबिंदू काढी, डोळे आले तर औषध घाली. चष्मा मिळे तो दुकानात किंवा फेरीवाल्याकडे. गिऱ्हाइकाने ओळीने भिंगे लावून पाहायची आणि बरे वाटेल ते घ्यायचे. दुकानाच्या ट्रेमध्ये सगळी भिंगे गोलच, तेव्हा दंडगोल भिंगाने 'बरे वाटेल' हे कळायला वाव नव्हता. आणि वाचता वाचता डोळे दुखणारा माणूस वैद्याकडे गेलाच, तर त्याला नसांचा अशक्तपणा ठरवून विश्रांती सांगितली जाई. शिकणाऱ्याला शिक्षण, शिवणकाम करणाऱ्याला काम सोडण्याचा सल्ला मिळे. यंग-एअरींचे निबंध विद्वानांच्या वार्षिकांत पडून होते. दुकानदार ते वाचत नव्हता, वैद्याला ते आपले वाटत नव्हते. ज्ञान आणि गरज एकाच शहरात राहत होत्या, पण त्यांची गाठ पडत नव्हती.

ती घालून दिली नेदरलँड्समधील उट्रेख्टच्या फ्रान्सिस्कस डॉन्डर्सने. १८१८ चा जन्म, मूळचा शरीरक्रियाशास्त्रज्ञ. १८५८ मध्ये त्याने उट्रेख्टला नेत्ररुग्णालय उघडले आणि शस्त्रक्रियेपेक्षा डोळ्यांच्या नंबरांवर जन्म वेचला. त्याच्या हाती आता दोन नवी साधने होती. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५०च्या दशकात ऑफ्थॅल्मोमीटर तयार केला होता. पारपटलावर पडणाऱ्या प्रतिबिंबाचा आकार मोजून त्याची वक्रता काढण्याचे ते यंत्र. आणि डॉन्डर्सचा सहकारी हेर्मान स्नेलेन याने १८६२ मध्ये अक्षरांचा तो सुप्रसिद्ध तक्ता छापला, त्यामुळे 'किती दिसते' याला आकडा मिळाला.

डॉन्डर्सने रुग्णांमागून रुग्ण तपासले. निष्कर्ष धक्कादायक होता : अंशतः अ‍ॅस्टिग्मॅटिझम जवळजवळ प्रत्येक डोळ्यात आहे, आणि त्याचे मुख्य घर पारपटल आहे. 'विलक्षण' दोष मुळीच विलक्षण नव्हता. मग रोग कुठून सुरू होतो? डॉन्डर्सने सीमा आखली. तेव्हा भिंगे इंचांत मोजत. डायॉप्टर हे माप फ्रान्सच्या मोनोयेने १८७२ मध्ये सुचवले. डॉन्डर्सच्या मते एकचाळीसांश, म्हणजे ४० इंच फोकसच्या भिंगाइतका किंवा त्याहून अधिक फरक असेल, तर दृष्टीला त्रास होतो आणि उपचार हवा. आजच्या मापात सुमारे एक डायॉप्टर. याच हिशेबाने यंगचा दोष एकतेविसांश भरतो. त्या सीमेप्रमाणे यंग रुग्ण होता. स्वतःच्या सांगण्याप्रमाणे तो ठणठणीत होता. दोघेही खरेच बोलत होते.

१८६२ मध्ये डॉन्डर्सने अ‍ॅस्टिग्मॅटिझम आणि दंडगोल भिंगे यांवर स्वतंत्र पुस्तक काढले आणि १८६४ मध्ये लंडनच्या न्यू सिडनहॅम सोसायटीने त्याचा मोठा ग्रंथ इंग्रजीत छापला. एका पिढीत हा ग्रंथ युरोप-अमेरिकेतील नेत्रवैद्यांच्या टेबलावर पोहोचला. चष्मा देणे हे वैद्याचे काम ठरले, ते मुख्यतः या ग्रंथामुळे.

अ‍ॅस्टिग्मॅटिझमचे प्रकार आज ज्या चौकटीत शिकवले जातात, ती बरीचशी याच काळात घडली. दोन्ही रेघा दृष्टिपटलाच्या पुढे पडत असतील तर संयुक्त लघुदृष्टीचा प्रकार. यंग आणि एअरी दोघेही यात मोडतात. एक रेघ नेमकी पटलावर आणि एकच पुढे किंवा मागे असेल तर साधा. एक पुढे, एक मागे असेल तर मिश्र. असा रुग्ण लघुदृष्टीचा म्हणावा तर नाही, दीर्घदृष्टीचा म्हणावा तरी नाही, आणि ट्रेमधले कुठलेही गोल भिंग त्याला पुरे पडत नाही. दुसरी विभागणी दिशेची. पारपटल उभ्या दिशेने अधिक वळलेले असणे हे तरुण डोळ्यांत अधिक आढळते, म्हणून ते 'नियमानुसार'. आडव्या दिशेने अधिक वळलेले असेल तर 'नियमाविरुद्ध', जे उतारवयात वाढते. आणि कोन मधलाच असेल तर तिरपा. गंमत अशी की या इतिहासाचे दोन्ही आद्य रुग्ण नियमाबाहेरचे. सत्तावीस वर्षांच्या यंगचा दोष नियमाविरुद्ध होता, एअरीचा तिरपा. सर्वांत जास्त लोकांना असलेला प्रकार दोघांपैकी कोणालाच नव्हता.

या सगळ्या प्रकारांत एक गोष्ट समान आहे : दोन मुख्य दिशा एकमेकींना काटकोनात असतात, म्हणूनच दंडगोल भिंग लागू पडते. याला नियमित अ‍ॅस्टिग्मॅटिझम म्हणतात. अनियमित प्रकारात पृष्ठभागच खडबडीत असतो; जखमेच्या व्रणामुळे, किंवा पारपटल शंकूसारखे पुढे आल्यामुळे. लिव्हरपूलच्या जॉन नॉटिंगहॅमने १८५४ मध्ये शंकूच्या आकाराच्या पारपटलावर अख्खे पुस्तक लिहिले होते. इथे चष्मा हतबल होतो. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलने प्रकाशावरील आपल्या दीर्घ लेखात एअरीच्या भिंगाची चर्चा करताना याच अडचणीवर एक कल्पना मांडून ठेवली होती : पारदर्शक जेली भरलेली काचेची टोपी थेट डोळ्यावर बसवली तर खडबडीतपणा झाकला जाईल. यंगची पाण्याची वाटी आठवावी, तत्त्व तेच. १८८८ मध्ये झुरिकमध्ये अडोल्फ फिकने अशा काचेच्या टोप्या प्रत्यक्ष डोळ्यांवर बसवल्या, आणि कॉन्टॅक्ट लेन्सचा इतिहास सुरू झाला.

पॅरिसमध्ये एमिल जावाल या खाणअभियंत्याचा वैद्य झालेल्या गृहस्थाने नॉर्वेच्या शिओट्झबरोबर १८८१ मध्ये ऑफ्थॅल्मोमीटर इतका सोपा केला की तो प्रयोगशाळेतून दवाखान्यात आला. फिलाडेल्फियाच्या एडवर्ड जॅक्सनने १८८७ मध्ये स्टोक्सच्या कल्पनेवरून दांडीला बसवलेले क्रॉस सिलिंडर भिंग पुढे आणले. "आता चांगले दिसते की मघाशी?" असे विचारत आजही जे भिंग डोळ्यासमोर उलटसुलट केले जाते, ते हेच. स्वतः जावाल काचबिंदूने पुढे पूर्ण आंधळा झाला आणि त्याने अंधांसाठी पुस्तक लिहिले.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. १८७०च्या दशकात फिलाडेल्फियाच्या वेअर मिचेलने दाखवून दिले की काही जुनाट डोकेदुख्या केवळ चष्म्याच्या नंबरामुळे असतात आणि योग्य भिंगाने थांबतात. निरीक्षण खरे होते. पण त्याच शहरातील जॉर्ज गूल्ड याने त्याचे झाड केले. १९०३ पासून त्याने 'बायोग्राफिक क्लिनिक्स' या नावाने ग्रंथमाला काढली आणि डी क्विन्सी, कार्लाइल, डार्विन, हक्सले, ब्राउनिंग या सर्वांची आयुष्यभराची दुखणी डोळ्यांच्या ताणामुळे होती, असे प्रतिपादन केले. पुरावा? त्यांची पत्रे आणि चरित्रे. ज्याला चाळीस वर्षांपूर्वी कोणी विचारत नव्हते, तो दोष आता साऱ्या साहित्याचा रोगनिदानकर्ता झाला.

चित्रकारही सुटले नाहीत. रिचर्ड लीब्रिख या नेत्रवैद्याने १८७२ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान देऊन टर्नरच्या उत्तरायुष्यातील चित्रांचे खापर त्याच्या डोळ्यांवर फोडले. नेत्रभिंगातील बिघाडामुळे त्याला प्रकाश उभ्या दिशेने ओघळल्यासारखा दिसे, असे त्याचे म्हणणे. १९१३ च्या सुमारास स्पेनमध्ये जर्मान बेरितेन्सने एल ग्रेकोच्या लांबोळक्या आकृत्यांमागे अ‍ॅस्टिग्मॅटिझम असल्याचे जाहीर केले. हा दावा अजूनही समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी वर येतो, म्हणून थोडे थांबून पाहायला हवे.

चित्रकाराला माणूस ताणलेला दिसत असेल, तर त्याच डोळ्यांनी त्याला कॅनव्हासही ताणलेलाच दिसणार. समोरच्या माणसाशी जुळेल असे चित्र काढले की दोन्हीकडचा ताण एकमेकांना खाऊन टाकतो आणि चित्रातला माणूस योग्य प्रमाणात उतरतो. मानसशास्त्रात यालाच 'एल ग्रेकोचा हेत्वाभास' असे नाव पडले आहे. शिवाय चष्मा नसलेल्या अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा मुख्य परिणाम आकृती लांबण्याचा नसून रेघा पुसट होण्याचा असतो. आणि एल ग्रेको १६१४ मध्ये वारला. त्याच्या डोळ्याचे एकही मोजमाप अस्तित्वात नाही.

एअरीच्या डोळ्याची मात्र आहेत, आणि खूप आहेत. १८३५ ते १८८१ तो ब्रिटनचा राजखगोलज्ञ होता. ग्रीनिचची जी मध्यान्हरेषा पुढे जगाने शून्य रेखांश म्हणून स्वीकारली, ती त्याच्याच दुर्बिणीतून जाते. या साऱ्या व्यापात तो अधूनमधून पुठ्ठ्याला भोक पाडून डाव्या डोळ्यासमोर धरत असे आणि रेघ कोणत्या अंतरावर, किती अंशांत दिसते ते लिहून ठेवत असे. यातले शेवटचे निवेदन त्याने वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर केंब्रिजच्या त्याच सोसायटीकडे पाठवले.